नाजूकरावाचा आवाज

"आत्ता तू वॉटर कूलरपर्यंत चाललास ना, तसंच. अगदी तसंच. तेवढं आवाजात आण."

अंधेरीतल्या रेडिओ स्टेशनची मीटिंग रूम. काचेची. आत आठ माणसं. बोलत होता आमचा प्रोग्रामिंग हेड. वांद्र्यात समुद्राकडे तोंड करून राहणारा, मराठी कार्यक्रम चालवणारा, आणि मराठी वाचायला जड जातं हे कौतुकाने सांगणारा. मी तिथे स्क्रिप्ट लिहायचो. वय सव्वीस. त्याने मला परत उठवलं, कूलरपर्यंत चालायला लावलं. ग्लास भरून आण म्हणाला. मी आणला. आठही माणसं हसली. एकाने टेबलावर हात आपटले.

"झकास!" हेड म्हणाला. "बघा, याला ॲक्टिंगपण करायला नको."

मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला बिचारा म्हणणार नाही.

असा नाजूकराव जन्मला. लेडीज टेलर. गिऱ्हाईक पुरुष आला की याची टेप हातातून गळते, आवाज चिरकतो. "अय्या, माप घेऊ?" रोज सकाळी साडेआठ वाजता, दोन मिनिटं. लिहायचो मी, बोलायचोही मी. सात वर्षं. रिक्षात, सलूनमध्ये, ऑफिसच्या गाड्यांत लोक पोट धरून हसायचे. हेडचं प्रमोशन झालं. मला एक मोठी केबिन मिळाली. तीही काचेचीच.

दुसऱ्या वर्षी मी हेडला सांगितलं की मी गे आहे. वाटलं, निदान आता त्याची जीभ थोडी अडखळेल. त्याने मला मिठी मारली.

"अरे मग तर बेस्ट ना यार! आता कुणी आपल्याला ऑफेन्सिव्ह म्हणू शकत नाही. तूच आमचं लायसन्स."

लायसन्स. कुत्र्याच्या गळ्यातपण असतं ते. त्या दिवशी हे मला सुचलं नाही. मी थँक्यू म्हणालो.

आमचं घर कांजूरमार्गला. बाबा बुलढाण्याकडचे, वांद्र्याच्या एका कंपनीत शिपाई होते. साहेब टेबलावरची बेल वाजवायचा. बाकीचे शिपाई धावायचे, बाबा उठायचे नाहीत. पहिल्याच महिन्यात त्यांनी साहेबाला तोंडावर सांगितलं होतं, "बेलला उठत नाही मी. नाव आहे मला." नोकरी जाता जाता राहिली. साहेब नावाने हाक मारायला शिकला. आमच्या घरात देवाच्या जागी बाबासाहेबांचा फोटो, आणि ही गोष्ट. मी तिच्यावर वाढलो. आणि रोज सकाळी साडेआठला बेल वाजली की उठत होतो.

बाबा माझा कार्यक्रम ऐकायचे. हसायचे नाहीत. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "हा टेलर तुझ्या ओळखीचा आहे का रे?"

"नाही बाबा. मनानेच केलाय."

"मग त्याच्यावर एवढा कसला राग तुझा?"

मी कपबशी उचलून मोरीत ठेवली.

मग एके दुपारी रिसेप्शनवर एक गृहस्थ आले. पन्नाशीचे. शर्ट इन केलेला, खिशात दोन पेनं. मला वाटलं सेल्फी हवा असणार.

"नाजूकराव तुम्हीच?"

"हो."

"मी कांदिवलीला बँकेत आहे. बोलताना माझे हात जरा हलतात. लहानपणापासून. चार वर्षं झाली, ब्रँचमध्ये मला नाजूकराव म्हणतात. मॅनेजरपण. परवा काउंटरवर एका कस्टमरने माझ्यासमोर तुमचा आवाज काढला. सगळी ब्रँच हसली. माझी मुलगी आली होती, बाकावर बसलेली. तिने ऐकलं."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला. खरंच, हलत होता तो हात.

"मी तसला नाही हो. पण असतो, तर काय हे बरोबर झालं असतं? एवढंच विचारायचं होतं. चला."

ते गेले. ओरडले नाहीत, कंप्लेंट दिली नाही. मी त्यांचं नावही विचारलं नाही. वर जाऊन दुसऱ्या दिवशीचा नाजूकराव लिहिला. चांगला झाला. लोक खूप हसले.

मी लगेच जागा झालो असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. मी पुढे वर्षभराहून जास्त तोच आवाज काढत राहिलो. फक्त स्टेशनवर जायच्या आधी सकाळी दोन तास लिहायला बसू लागलो. कादंबरी. भांडुपच्या एका चाळीत बारा वर्षं मावसभाऊ म्हणून राहिलेल्या दोन पुरुषांची. एक महापालिकेत फिटर, एक गणिताचा मास्तर. त्यांच्या खोलीत कुणी चिरकत नाही. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून भांडतात, आणि कुणी दार वाजवलं की दोन गाद्या लांब करतात.

बाड घेऊन मी मुलुंडच्या एका ज्येष्ठ समीक्षकांकडे गेलो. त्यांच्या शब्दाने पुस्तकं उभी राहतात म्हणे. मी त्यांच्या पाया पडलो होतो. त्यांना 'ते' म्हणायची सवय तिथलीच. ती आता सोडतो.

तो म्हणाला, "भाषेत फार ताकद आहे. तुमच्या लोकांच्या लेखनात असते ती."

तुमच्या लोकांच्या. कोणते लोक, हे त्याने सांगितलं नाही. माझी जात आणि माझी झोपायची खोली, दोन्ही त्याने एका शब्दात उरकली.

"फक्त एक करा. त्या दोघांतल्या एकाला बाई करा. मास्तरला केलंत तर सोपं जाईल. बाकी काही हलवू नका. वाचकवर्ग मोठा होईल बघा."

"नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दापुढे मी काही जोडलं नाही. सॉरी नाही, सर नाही. बाड उचललं आणि निघालो.

एका छोट्या प्रकाशकाने पुस्तक काढलं. कानामात्रा न बदलता. ते चाललं. मग त्याच मुलुंडमध्ये एका साहित्य मंडळाने त्याला पुरस्कार दिला. अध्यक्ष कोण? तोच. भाषणात म्हणाला, "या कादंबरीचा पहिला वाचक मी. पहिल्याच वाचनात मी हिचं बळ ओळखलं होतं." टाळ्या. पहिल्या रांगेत आमचा हेड, कारण स्टेशन कार्यक्रमाचं भागीदार. तिसऱ्या रांगेत बाबा. पांढरा शर्ट, कडक इस्त्री.

अध्यक्षाने माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी माइककडे निघालो, तर त्याने मला दंडाला धरून थांबवलं आणि स्वतःच माइकवर वाकला.

"भाषणं काय, सगळेच करतात हो. आधी आपल्यासाठी जरा नाजूकराव होऊन जाऊ दे!"

हॉल हसला. हेडने शिट्टी मारली. "एक बार, यार!" आणि मी लाजतोय असं समजून मला धीर द्यायला त्या ज्येष्ठ, व्यासंगी माणसाने स्वतःचं मनगट वाकवलं, मान कलती केली आणि म्हणाला, "अय्या, माप घेऊ?"

साडेतीनशे खुर्च्यांचा हॉल. एवढे सुशिक्षित लोक एकदम हसले की दात फार दिसतात. मी बाबांकडे बघितलं. ते हसत नव्हते. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते आणि ते माझ्याकडेच बघत होते. विचारल्यासारखे.

मी माइक घेतला.

"मी गे आहे. पुढच्या रांगेतल्या आमच्या साहेबांना हे पाच वर्षांपासून माहीत आहे. नाजूकराव मी लिहिला. मला माझीच किळस यायची, ती मी त्याच्या तोंडी घातली, आणि तुम्ही ती रोज नाश्त्याबरोबर खाल्लीत. आजपासून माझ्या तोंडून तो बंद. आणि अध्यक्षांनी या पुस्तकातल्या मास्तरला बाई करायला सांगितलं होतं. पहिल्या वाचनात त्यांनी ओळखलं ते एवढंच. त्यांचं मनगट मात्र चांगलं वळतं. तुम्हाला नाजूकराव हवा असेल तर यांना ठेवा."

शाल खुर्चीवर ठेवली. नारळही. कुणी टाळी वाजवली नाही. एक बाई खोकली.

गाड्यांपाशी हेडने गाठलं. "वेडा आहेस का? घरातली गोष्ट स्टेजवर काढतात?"

"कुणाच्या घरातली?"

"तुला आम्ही बनवलं!"

"तेच तर सांगून आलो."

रिक्षा भांडुपला आली तेव्हा बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पुस्तकात आहे ते तुझं आहे, हे मला तू घरी सांगायचं होतंस. साडेतीनशे लोकांबरोबर कळायला नको होतं." त्यानंतर पंधरा दिवस बोलले नाहीत. मला त्यावर काही म्हणायचं नाही. ते बरोबर होते.

मी राजीनामा दिला. नाजूकराव मात्र मेला नाही. हक्क स्टेशनचे. दुसऱ्या कुणाच्या घशातून तो अजून चिरकतो, साडेआठ वाजताच. अध्यक्षाने एका दिवाळी अंकात नव्या लेखकांच्या असंयमावर सहा पानं लिहिली. माझं नाव घेतलं नाही. तेवढी हिंमत सहा पानांत मावली नसेल.

मी कांदिवलीच्या बँकेत गेलो. तीन ब्रँच फिरलो. हात हलवून बोलणारे, पन्नाशीचे, खिशात दोन पेनं, असं सांगत. तिसऱ्या ब्रँचमधला कॅशियर म्हणाला, "कोण? अच्छा, आमचा नाजूकराव? त्याने व्हीआरएस घेतली." आणि हसला. पत्ता त्याला माहीत नव्हता. खरं नाव आठवायला त्याला शेजारच्याला विचारावं लागलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. माझं त्यांच्याकडून पुष्कळ घेऊन झालंय.

आता मी कांजूरच्या घरातून इंटरनेटवर स्वतःचा कार्यक्रम करतो. पुस्तकं वाचतो, माणसांना बोलतं करतो, माझ्या आवाजात. शिव्या येतात. ऐकणारेही येतात. जून आला, प्राइडचा महिना, की तेच स्टेशन लोगोत इंद्रधनुष्याचे रंग भरतं आणि मला मुलाखतीला बोलावतं. यंदा हेडने स्वतः फोन केला. "ये रे. लोक आता खूप ॲक्सेप्टिंग झालेत. आम्ही तुला पूर्ण स्वीकारलंय."

स्वीकारलंय. जणू मी खिडकीशी रांगेत उभा होतो आणि यांनी शिक्का मारला.

मी त्याला सांगितलं, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक मोकळ्या मनाच्या माणसाला सांगतो. मी तुमच्याकडे अर्ज केलेला नाही. करणारही नाही.