आमच्या साडूंची चंद्रावरची माणसं

चंद्रावर निघालेल्या माणसांची जेवढी काळजी आमच्या साडूंनी केली, तेवढी औरादच्या पंचक्रोशीत कुणी सख्ख्या भावाचीही केली नसेल. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण जीव अडकलेला मुलांसाठी लिहिलेल्या अचाट पुस्तकांत. आभाळात उडणारे शास्त्रज्ञ, जमिनीखाली सापडलेली शहरं, मंगळावरचे तीन डोळ्यांचे राजे! उदगीरला, सोलापूरला जाणाऱ्या प्रत्येकाला ते अशी पुस्तकं आणायला सांगत. आलेल्या पुस्तकाला मांजरपाटाचं कव्हर स्वतः शिवत, आणि मग कुणाला हात लावू देत नसत. पोरांना तर मुळीच नाही. "पुस्तकं पोरांचीच हायती, पण पोरं फाडतेत," असं त्यांचं म्हणणं. धोतरजोडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मंगळाची हकीकत ऐकून रिकाम्या हातानं परत जाई.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत लोक घरांना कुलपं लावून नातेवाइकांकडे निघाले, तेव्हा साडूंनीही बैलगाडीत एक जड पेटी चढवली. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, तीत भांडी आहेत अशा समजुतीत होत्या. मुडबीला आमच्या घरी पेटी उघडली आणि आतून पुस्तकं निघाली. "भात कशात शिजवू? चंद्रावर?" एवढंच अक्का बोलल्या, आणि पुढं कित्येक वर्षं त्यांनी त्या पुस्तकांचं नाव काढलं नाही.

मग एकदा आडावर घसरून अक्कांचा पाय मोडला. मी भेटायला गेलो, तर साडू खाटेशेजारी बसून नुकतंच आलेलं पुस्तक वाचत होते. अक्का कानडी घरच्या. पुस्तकी मराठी त्यांना उमगेना, म्हणून साडू ओळ वाचत आणि कानडीत समजावून सांगत. चंद्रावर उतरलेल्यांचं यान बिघडलं होतं.

"आता खातेत काय ते?" अक्कांनी विचारलं.

"सांगायलोय की. घाई कामून करायलीस?"

"त्यांची बायकापोरं घरी वाट बघत असतील न्हवं."

साडूंनी पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं. इतकी पुस्तकं वाचून हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. पायाच्या लेपाची हळद कव्हराला लागली, तरी त्यांनी पुस्तक बाजूला ओढलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा अक्का चुलीपुढे होत्या आणि साडू दुकानात.

"काय झालं हो अण्णा त्या माणसांचं?" मी विचारलं.

"वाचलं न्हाई अजून. तिला वेळ गावंना."

त्यांनी समोरच्या कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"पाय जरा लवकरच बरा झाला बघा," ते म्हणाले.