पिऊची अमेरिकेतली आजी

माझी नणंद प्रियदर्शनी, म्हणजे पिऊ, एका जागी बसून जेवली असं मला आठवत नाही. हातात ताट आणि स्वयंपाकघर ते गॅलरी फेऱ्या. बसलीच तर टेबलाखाली तिचा उजवा पाय हलत राहायचा. त्याला कारण तिची नोकरी. येरवड्याच्या बाजूला एका कंपनीत ती मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करायची. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकिकत बोलून ठेवतात, ते आवाज कॉम्प्युटरवरून इकडे येतात, आणि इकडच्या मुली कानाला हेडफोन लावून ते सगळं टाइप करतात. आवाज थांबवायला, मागे न्यायला पायाखाली पेडल असतं. पिऊचा पाय घरी आला तरी पेडलवरून उतरत नसे.

"पिऊ, डॉक्टरांना थोडं थांबू दे, आमटी गार होतेय," मी म्हणायची.

आम्ही खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. माझे सासरे नागोराव दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, मूळचे अकोल्याकडचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. माझे यजमान नोकरीसाठी औरंगाबादला, शनिवारी यायचे. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही तिघंच.

तो काळ असा होता की ज्याला त्याला काहीतरी कोर्स करायचाच असायचा. प्रत्येक गल्लीत कॉम्प्युटर क्लासची पाटी, आणि ओळखीतलं कोणी ना कोणी अमेरिकेला निघालेलं. पिऊनेही टायपिंग केलं, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, जर्मन अर्ध्यात सोडलं. मग एक दिवस म्हणाली, मी एम.ए. करणार. अमेरिकन स्टडीज. संध्याकाळचे वर्ग आहेत.

शेजारच्या वेणूबाईंनी ऐकलं मात्र, लगेच आल्या. "अगं, लोक अमेरिकेला जातात. तू अभ्यास करणार? म्हणजे जेवायचं सोडून नुसती पाककृतीच वाचणार म्हण ना."

"काकू, तुमचे जावई दोन वर्षं राहून आले. त्यांना विचारा, शेजारी कोण राहायचं. नाही सांगता येणार."

"शेजारी कशाला लागतात? पगार लागतो."

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मात्र आवडलं होतं. बाबासाहेब ज्या देशात शिकले त्याची माहिती आपल्या मुलीला असावी, एवढंच ते म्हणाले. मला पिऊने वेगळं कारण सांगितलं. "वहिनी, रोज इतकी माणसं माझ्या कानात येतात. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची साखर वाढली, सगळं मला माहीत. पण ही माणसं आहेत कोण, ते माहीत नाही. असं किती दिवस टाइप करायचं?"

त्या माणसांत एक आजी होत्या. त्यांचं नाव पिऊने आम्हाला कधीच सांगितलं नाही. गावाचं नाव सांगितलं होतं, ते मी लिहीत नाही. बाकीचंही थोडं बदललं आहे. या आजींचे डॉक्टर गप्पिष्ट असावेत. रक्तदाब सांगता सांगता ते म्हणायचे, पेशंटने आज माझ्यासाठी घरी केलेला मुरंबा आणला आहे. शेतावरच्या मोठ्या घरात एकटी राहणारी बाई. पाखरांना दाणे टाकायला बर्फात गेली आणि पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा म्हणतो वृद्धाश्रमात चल, कागद तयार आहेत. ही म्हणते, सही करायला मला चष्मा सापडत नाही. चष्मा गळ्यातच अडकवलेला, असंही डॉक्टर बोलून ठेवायचे.

दर थोड्या दिवसांनी त्यांची नवी हकिकत यायची, आणि पिऊ घरी येऊन सांगायची. बाबा बातम्यांचा आवाज बारीक करायचे. "काय म्हणते म्हातारी?"

"चष्मा अजून सापडला नाही."

"शाबास."

मी सकाळी बुद्धवंदना घेते, तेव्हा सगळ्या प्राण्यांचं भलं होवो म्हणताना त्या आजी डोळ्यांसमोर यायला लागल्या होत्या. न पाहिलेली बाई डोळ्यांसमोर कशी येते, कोण जाणे. पण यायची.

कंपनीचा नियम कडक होता. कामाच्या जागी कागद-पेन न्यायचं नाही, ऐकलेलं तिथेच सोडून यायचं, तशी सही घेतलेली. पण घरात बोलणं म्हणजे बाहेर बोलणं असं आम्हाला कोणालाच वाटत नव्हतं.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी पिऊच्या सरांनी मोठा निबंध लिहायला दिला. एका सामान्य अमेरिकन माणसाचं आयुष्य. त्यावर त्या विषयाचं पास-नापास. वर्गातल्या मुलांनी कोणी खेळाडू घेतला, कोणी अंतराळवीराची बायको घेतली. "यात सामान्य कोण आहे?" असं म्हणत पिऊ घरी आली ती थेट लिहायलाच बसली. तिने आजी घेतल्या. नाव बदललं, गाव बदललं. मराठी शाळेत शिकलेली मुलगी, इंग्रजी वाक्य एकदा लिहून तीनदा खोडायची, मग मला मराठीत सांगून बघायची, नीट वाटतंय का. तो सगळा महिना घरी असताना ती जागची हलली नाही. बाबा मला हळूच म्हणाले, "बरी हाय ना तब्येत हिची?"

निबंध दिला. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. त्यानंतर तिला थांबवून घेतलं आणि विचारलं, "संदर्भ कुठे आहेत?"

त्यांच्या अभ्यासात असं असतं की जे लिहाल ते कुठून घेतलं हे सांगावं लागतं. पुस्तक, मुलाखत, कागदपत्र, काहीही. नाहीतर ती गोष्ट झाली, अभ्यास नाही. पिऊचं शेवटचं पान कोरं होतं. शेवटी सरांनीच वाट काढून दिली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "तिकडे नातेवाईक असतील ना कोणी? त्यांच्या ओळखीतल्या बाईंची फोनवर घेतलेली मुलाखत, असं टाका. नाव बदललंय म्हणून लिहा. कोण तपासायला जातंय? सोमवारी द्या."

त्या दिवसापासून तिच्या फेऱ्या परत सुरू झाल्या, आणि पूर्वीच्या बऱ्या म्हणायच्या अशा. स्टेशनपर्यंत चालत जायची, लगेच परत यायची. पाणी प्यायला उठायची आणि न पिताच परत यायची. मी तांदूळ निवडत होते तिथे येऊन उभी राहिली.

"वहिनी, एकच ओळ लिहायची आहे."

"खोटी ना?"

"अर्धी खोटी. बाई खरी आहे, मुलाखत खोटी."

मी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तोंड असं करू नकोस. पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील मलाही पाठ आहे."

"मग खरं लिही, कुठून ऐकलंस ते."

"नोकरी जाईल. माझी एकटीची गेली तर बरं. ते डॉक्टर कंपनीकडून कामच काढून घेतील, तर बाकीच्या मुलींनी काय करायचं?"

बाबा बाजारातून आले होते. पिशवी हातातच होती. "लिहिलंच काहून पण?"

"बाबा, नाव बदललंय. गावसुद्धा बदललंय."

"म्हातारीले इचारलं?"

"कसं विचारणार? ती तिकडे, मी इकडे."

"म्हणजे तिले कळणार नाही, म्हणून लिहिलं."

पिऊ चिडली. "आणि रोज 'काय म्हणते म्हातारी' कोण विचारतं? ते चालतं?"

बाबांनी पिशवी खाली ठेवली. भाजी काढून पिशवीची घडी घातली, ती उलगडली, परत घातली. "ते बी चुकलंच," ते म्हणाले. "मी कारखान्यात काय भरतो, तुझ्या मायले शेवटपर्यंत सांगितलं नाही. लय रागवायची. म्हणायची, मी काय दुश्मनाची बाई हाय?"

"मग?"

"मग काय? रागवली तर रागवली."

रविवार कसा गेला ते आम्हालाच माहीत. पिऊने ती ओळ लिहिली, खोडली, दुसऱ्या कागदावर लिहिली. तिला पास व्हायचं होतं. लोकांचं हसू झेलून तिने हा एकच कोर्स शेवटापर्यंत आणला होता. संध्याकाळी म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर येशील?"

मी सरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. दार उघडंच होतं.

"आणलेत संदर्भ?"

"नाही सर. निबंध परत हवाय."

"परत? उत्तम आहे तो. एवढ्या एका ओळीसाठी अडला आहे."

"ती ओळ मला लिहिता येणार नाही."

"वा. मुलं माझ्याकडे गुण वाढवून मागायला येतात. तुम्ही शून्य न्यायला आलात."

"हो सर."

आतून खुर्ची सरकली. मग सरांनी विचारलं, "कारण तरी सांगाल?"

"त्या बाईंनी हे मला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याला सांगितलं होतं. मी ऐकलं."

मला वाटलं, सर आता तिला शाबासकी देतील. तसं काही झालं नाही. कपाट उघडल्याचा आवाज आला आणि सर म्हणाले, "पुढच्या वर्षी हा विषय परत द्यावा लागेल. फी भरायची तारीख चुकवू नका."

पीएमटीच्या बसमध्ये तिने ते कागद मांडीवर घट्ट धरले होते. "इथेच फाडू का?"

"नको बाई, कंडक्टर आपल्यालाच झाडायला लावेल."

घरी आल्यावर तिने ते बादलीत भिजत घातले. आमच्याकडे कागदाच्या लगद्यात वाटलेल्या मेथ्या घालून टोपल्या करतात. मी म्हटलंसुद्धा, चांगली टोपली होईल. ती हसली नाही. लगदा पिळून पिळून तिने त्याचे इतके बारीक तुकडे केले की ते कशाचे आहेत हेही कळेना.

वेणूबाई आल्याच. "झाली का पास अमेरिकेत?"

"नापास, काकू."

"मग बरंय. परतीचं तिकीट तरी वाचलं."

पुढच्या वर्षी पिऊने अमेरिकेतल्या रेल्वेमार्गांवर निबंध लिहिला. प्रत्येक पानाच्या तळाशी संदर्भच संदर्भ. पास झाली, चांगली झाली. आता वाघोलीकडच्या कॉलेजात शिकवते. तो निबंध मी मागितला तर म्हणाली, "वाचू नकोस. त्यात एकही माणूस नाही."

पण त्याआधी ते मधलं वर्ष होतं. त्या सोमवारनंतर पिऊने घरात आजींचा विषय काढला नाही. कामावरून यायची, क्लासला जायची, परत यायची. ती आली की बाबा मान वर करायचे, तोंड उघडायचे, आणि बातम्यांचा आवाज मोठा करायचे. मीही पोळ्या लाटताना थांबायची. खुबा बरा झाला का, मुलाने नेलं का, सही केली का. पिऊला माहीत असणार. तिच्या चेहऱ्याकडे बघून काही कळतंय का म्हणून मी बघायची, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

थंडीतली गोष्ट. ती कामावरून आली, चहा नको म्हणाली, आणि क्वार्टर्सच्या मागे आमचं विहार आहे तिकडे निघाली. वर्षातून एकदा बुद्धपौर्णिमेला जबरदस्तीने येणारी मुलगी. मी गॅस बंद करून मागोमाग गेले. विहारात कोणी नव्हतं. ती मूर्तीसमोर बसली होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. मी शेजारी बसले.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावाने पुण्यानुमोदन करतात. नाव घेऊन, नातेवाइकांनी.

"वहिनी," ती समोरच बघत म्हणाली, "नाव न घेता पुण्यानुमोदन होतं का गं?"

कोणाचं, हे मी विचारलं नाही. नाव न घेता होतं की नाही, हेही मला माहीत नव्हतं. विहारातल्या भन्तेजींना विचारायला हवं होतं.

"होतं," मी म्हटलं, आणि हात जोडले.