घरी कोणती भाषा बोलता?

मोरेश्वर गावंडे वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, बारावीला तालुक्यात पहिला आला आणि पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. तिथे दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत त्याला प्रश्न कळला होता, उत्तरही येत होतं. ते इंग्रजीत सांगायला लागला आणि पहिल्याच वाक्यात अडकला. परीक्षक हसले नाहीत. हसली ती मागे थांबलेली मुलं, आणि त्यात त्याचा रूममेटही होता. त्यानंतर चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ आली की मोरेश्वरचे कान आधी तापायचे.

पुढे तो नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला आला. तिथल्या एका औषध कंपनीचा डेटाबेस तो सांभाळतो. ऑफिसात त्याला ‘मो’ म्हणतात. मीटिंगमध्ये तो मोजकं बोलतो, त्यामुळे लोकांना तो विचारी वाटतो. सुरुवातीची काही वर्षं तो एकटाच होता. व्हिसाचं जमल्यावर बायको शरयू आणि मुलगी गिरिजा कारंज्याहून आल्या. गिरिजा तेव्हा सहा वर्षांची होती आणि अखंड बडबडायची. विमानात शेजारच्या अमेरिकन बाईंना तिने आपल्या आत्याच्या म्हशीची सगळी हकीकत मराठीत ऐकवली होती.

शाळेत नाव घालताना फॉर्मवर प्रश्न होता, घरी कोणती भाषा बोलता? मोरेश्वरने मराठी असं लिहिलं. खरं तेच लिहिलं, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. मग मिसेस हॉलंड नावाच्या शिक्षिकेने गिरिजाला एका खोलीत नेऊन चित्रं दाखवली, काही ऐकवलं, काही विचारलं. गिरिजाची नोंद ‘इंग्रजी शिकणारी विद्यार्थिनी’ अशी झाली. रोज थोडा वेळ तिने वर्गातून उठून मिसेस हॉलंडच्या लहान खोलीत जायचं असं ठरलं. तिथे मेक्सिकोची दोन मुलं होती, एक तेलुगू मुलगी होती. पहिल्याच आठवड्यात गिरिजा घरी येऊन स्पॅनिशमधले आकडे म्हणायला लागली. शरयूला ते फार आवडलं.

महिनाभराने राजेशच्या घरी गणपतीची आरती होती. राजेश मुंबईचा, मोरेश्वरच्या आधी दहा वर्षं इथे आलेला. ताटं वाढून घेताना त्याने सहज चौकशी केली आणि मोरेश्वरने सहज सांगितलं.

“तू मराठी लिहिलंस?” राजेश म्हणाला. “अरे यार, सगळे इंग्लिश लिहितात. मुलं ईएसएलमध्ये अडकली की बाहेर काढणं कठीण. आमच्या देवला तर सरळ गिफ्टेडमध्ये, हुशार मुलांच्या वर्गात टाकलं.”

राजेश वाईट मनाने बोलला नव्हता. पण शेजारी दोघं-तिघं होते. त्यांच्यातल्या एकाने ईएसएल म्हणजे ज्यांना इंग्लिश येत नाही तो वर्ग ना, असं बायकोला विचारलं. मोरेश्वरचे कान तापले.

त्या आठवड्यात त्याने शाळेत जाऊन मिसेस हॉलंडना सांगितलं की त्याला मुलीला या वर्गात ठेवायचं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “तो तुमचा हक्क आहे. पण एक समजून घ्या. वर्ग बंद झाला तरी नोंद राहते. दर हिवाळ्यात तिला परीक्षा द्यावी लागेल. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. ठरलेली पातळी गाठली की मगच ती यातून बाहेर पडेल.”

“शी विल डू इट,” मोरेश्वर म्हणाला आणि सही केली.

घरी येऊन त्याने नियम केला. आजपासून घरात फक्त इंग्रजी. शरयू बी.कॉम. झालेली होती, पण इंग्रजी बोलायची तिला सवय नव्हती. पहिले काही दिवस तिने प्रयत्न केला. “गिरिजा, कम, ईट,” इतपत जमायचं. म्हशीची गोष्ट ‘कम’ आणि ‘ईट’मध्ये बसेना. हळूहळू मोरेश्वर घरात असला की ती गप्प राहायला लागली. दुपारी शाळेची बस यायची, मायलेकी ओट्यापाशी बसून पोहे खायच्या आणि मनसोक्त मराठी बोलायच्या. गॅरेजचं दार वर जाताना घरभर घरघर ऐकू यायची. ती घरघर सुरू झाली की दोघी बोलायच्या थांबायच्या. गिरिजा पुस्तक उघडून बसायची. मोरेश्वर आत यायचा तेव्हा घर अगदी शांत असायचं, आणि त्याला वाटायचं, मुलगी अभ्यासाला लागली.

पहिल्या हिवाळ्यात गिरिजा ती पातळी गाठू शकली नाही. तो म्हणाला, ठीक आहे, नवीन आहे. दुसऱ्या हिवाळ्यातही नाही. ऐकण्यात आणि वाचण्यात तिला छान गुण होते, लिहिण्यात बरे होते, बोलण्यात मात्र अगदी तळाचे. मोरेश्वरला उलगडा होईना. त्याने मग रोज जेवणानंतर तिला समोर बसवून फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. चित्र दाखवायचं आणि तिने बोलायचं.

“द बॉय इज... वेअरिंग अ... वेस्ट...”

“नो. वेस्ट ऑर व्हेस्ट? अगेन.”

त्याचा स्वतःचा उच्चार काही वेगळा नव्हता, हे त्याला माहीत होतं. म्हणून तर तो जास्त चिडायचा. शरयू भांडी आवरत पाठमोरी उभी असायची. काही दिवसांनी गिरिजा प्रत्येक चित्राला एकच उत्तर द्यायला लागली, “आय डोन्ट नो.”

तिसऱ्या वर्षीही तेच झालं. या काळात मोरेश्वरने तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं कमी केलं. कुणी मुलीच्या शाळेचं विचारलं की तो गणिताचं सांगायचा. गणितात ती हुशार होतीच. एकदा राजेशने सरळच विचारलं, “त्या ईएसएलचं काय झालं रे पुढे?” मोरेश्वर म्हणाला, “कधीच सुटलं ते.” शरयू तिथेच होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, पण गिरिजाने बघितलं.

गिरिजा चौथीत गेल्यावर शाळेने पालकांना भेटायला बोलावलं. वर्गशिक्षिका होत्या, मिसेस हॉलंड होत्या. गिरिजालाही बसवून घेतलं होतं. मोरेश्वर इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता. मिसेस हॉलंड म्हणाल्या की मधल्या सुट्टीत ही मैत्रिणींशी भरपूर बोलते, त्यांनी स्वतः ऐकलंय. मग परीक्षेत कानाला हेडफोन लावल्यावर काय होतं? त्यांनी गिरिजाकडे वळून मायेने विचारलं, “मायक्रोफोन चालू झाला की तू काय करतेस?”

गिरिजाने आधी बापाकडे बघितलं. मग इंग्रजीत, अगदी हळू, पण एकही चूक न करता ती म्हणाली, “मी आधी मनात म्हणून बघते. बरोबर होईपर्यंत. बरोबर झालं की वेळ संपलेली असते.”

“चुकलं तर काय होईल?”

“लोक हसतील. डॅडीपण तसंच करतात. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सगळं म्हणून बघतात, मग आत जातात. मला एकदा ऑफिसला नेलं होतं ना, तेव्हा मी मागच्या सीटवर होते. त्यांना वाटलं मी झोपलेय.”

खोलीत कुणी हसलं नाही. वर्गशिक्षिकांनी नजर खाली वळवली, ती केवळ त्याला अवघडायला होऊ नये म्हणून. तेच त्याला सोसेना. आपलं जे कुणालाही दिसू नये म्हणून तो वीस वर्षं धडपडला, ते त्याच्या मुलीने सगळ्यांसमोर मांडलं होतं. तक्रार म्हणून तर नाहीच. आपले वडील असंच करतात, म्हणजे असंच करायचं असतं, इतक्या सरळपणे. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण इंग्रजी सुचली नाही आणि मराठीही सुचली नाही.

परतताना गिरिजा मागे कानात इयरफोन घालून बसली होती. शरयू समोर रस्त्याकडे बघत मराठीत म्हणाली, “तुम्हाला माझी लाज वाटते, हे मला केव्हाच कळलं होतं. ते मी चालवून घेतलं. पण आता तिला तिचीच लाज वाटायला लागली आहे.”

“मला तुझी नाही...” तो म्हणाला आणि थांबला. ते पूर्ण खरं नव्हतं. राजेशच्या घरी ती कुणाशी इंग्रजीत बोलायला लागली की तो मुद्दाम दुसऱ्या खोलीत जायचा. ते तिने पाहिलं नसेल अशी त्याची समजूत होती.

दोन-तीन दिवस त्याने काही केलं नाही. मग मिसेस हॉलंडना फोन करून गिरिजाला वर्गात परत घ्याल का, असं विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. एका शब्दाने त्यांनी मागचं काढलं नाही, त्यामुळे फोन ठेवल्यावर त्याला आणखीच ओशाळं वाटलं.

गिरिजाला हे अजिबात आवडलं नाही. सहा वर्षांची असताना त्या खोलीत जाणं म्हणजे खेळ होता. आता नऊ वर्षांची होती, मैत्रिणी बघत होत्या. “यू मेड मी क्विट अँड नाऊ यू मेक मी गो,” ती त्याला म्हणाली आणि आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

घरातला इंग्रजीचा नियम त्याने जाहीरपणे मोडला नाही, तेवढा धीर झाला नाही. एका संध्याकाळी जेवताना “मीठ दे गं” एवढंच म्हणाला. शरयूने मीठ दिलं. गिरिजा ताटातून मान वर करून बघत राहिली.

दिवाळीच्या फराळाला राजेशच्या घरी गेल्यावर कुणीतरी मुलांच्या शाळांचा विषय काढला. मोरेश्वर म्हणाला, “आमची गिरिजा ईएसएलला जाते. मधे मीच बंद केलं होतं. चूक झाली.” राजेशने चकल्यांचं ताट पुढे केलं आणि क्रिकेटचं बोलायला लागला. मोरेश्वरला मोकळं वगैरे वाटलं नाही. त्याचे कान तापलेलेच होते, फक्त यावेळी तो उठून गेला नाही.

चौथीच्या हिवाळ्यातही गिरिजा थोडक्यात राहिली. मिसेस हॉलंडच्या खोलीत नियम होता की बोलताना मधे कुणाला दुरुस्त करायचं नाही, आणि सगळ्यात जास्त चुका त्या स्वतः स्पॅनिश बोलताना करायच्या. मुलं खो खो हसायची, त्याही हसायच्या. पाचवीच्या परीक्षेत गिरिजा चारही भागांत पार झाली, बोलण्यातसुद्धा. मिडल स्कूलला जाण्याआधी तिची ती नोंद निघाली. पुढची काही वर्षं शाळा नुसतं लक्ष ठेवणार होती.

शेवटच्या भेटीला शाळेने फोनवर मराठी दुभाष्या लावून दिला, कारण या वेळी मोरेश्वरने तो मागितला होता. मिसेस हॉलंडनी विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे का? मोरेश्वर नाही म्हणणार होता, तेवढ्यात शरयू फोनकडे झुकली.

“मी तिच्याशी मराठीत बोलत होते, म्हणून तिला उशीर झाला का?”

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. मिसेस हॉलंड थेट शरयूकडे बघून म्हणाल्या, “नाही. उलट घरची भाषा पक्की असली तर दुसरी लवकर येते. तुम्ही तिच्याशी आणखी बोलायला हवं होतं.”

फोनमधला आवाज तेच मराठीत म्हणाला. शरयूने मान डोलावली. एवढी वर्षं ती हा प्रश्न मनात घेऊन त्या ओट्यापाशी उभी होती, आणि मोरेश्वरने तिला तो कधी विचारू दिला नव्हता.

आता शरयू गिरिजाला मराठी लिहायला शिकवायचं म्हणते. गिरिजा टाळते. कारंज्याहून आत्याचा फोन आला की तिला सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीतच देते. तिकडे आत्या गोंधळते, आणि इकडे मोरेश्वर फोन हातात घेऊन मुलीचं बोलणं मराठीत करून सांगतो.