मुडद्याचं डोकं कुठल्या दिशेला?

"मुडद्याने मत द्यायचं नसतं," काका म्हणायचे आणि मास्किंग टेप माझ्या पायाजवळून ओढत न्यायचे.

मुडदा मीच. ओहायोतल्या डब्लिनमध्ये हे काका आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायचे. जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेलं. रिटायर झाल्यावर चुका काढायला काही उरेना, तेव्हा त्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातला लंडनमधला एक खून हाती घेतला. एका बाईला तिच्या पलंगावर मारलं होतं आणि वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला फाशी झाली होती. का, तर शेजारणीने दारातून त्याला उशीवर वाकलेला पाहिला म्हणे.

काकांनी जुन्या जबान्या वाचून ती खोली बेसमेंटच्या गालिच्यावर टेपने आखली. दार आत उघडायचं आणि उघडलं की पलंगाचं दक्षिणेकडचं टोक झाकायचं. उशी कुठल्या टोकाला होती, तेवढं मात्र कोणीच सांगितलं नव्हतं. दक्षिणेला असेल, तर शेजारीण खोटी. उत्तरेला असेल, तर शिंपी मेला.

तो तसाही मेलेलाच आहे, असं मी एकदा सुचवून पाहिलं. मुडद्याने मत द्यायचं नसतं.

दर शनिवारी मी दक्षिणेकडे डोकं करून पडायचो. काका टीव्हीच्या खोक्याचं दार उघडायचे, उंबऱ्यावर उभे राहायचे आणि ओरडायचे, "दिसत नाही! सुटला शिंपी!"

वरून काकू विचारायच्या, "मुडदा चहा घेणार का? आणि गणपतीच्या आत माझं बेसमेंट मोकळं करा!"

मग लायब्ररीत काकांचं भाषण ठरलं. टाय, लेझर पॉइंटर, बेचाळीस स्लाइड्स. श्रोते सात, त्यातले दोन नुसते ऊब घ्यायला आलेले. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका अमेरिकन आजींनी विचारलं, उशी दक्षिणेलाच होती, हे कशावरून?

काका दयेने हसले. "मॅडम, उत्तरेकडे डोकं करून कोणी झोपतं का?"

"मी झोपते. सत्तर वर्षं झाली."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तुमच्याही आलं नसतं. लहानपणी उलटे झोपलो की आई उचलून फिरवून ठेवायची, ते का, हे आपण कधी विचारलंय?

परतताना काकांनी गाडीत बसून टाय सैल केला. मग म्हणाले, "तब्येत बरी दिसत होती रे बाईंची."

घरी येऊन त्यांनी लंडनच्या दफ्तरखान्याला ईमेल केली: पोलिसांनी काढलेला मूळ नकाशा मिळेल का? उत्तर यायच्या आतच, जानेवारीत, काका गेले.

मार्चमध्ये काकूंनी मला टेप काढायला बोलावलं. "यांच्या ईमेलवर काहीतरी आलंय, बघ जरा," म्हणत आयपॅड पुढे केला. नकाशाच होता. दार, पलंग, खिडकी, सगळं काकांनी आखलं होतं तसंच. उशी उत्तरेला.

"सुटला का रे शिंपी?" काकूंनी विचारलं.

मी टेपच्या पलंगाकडे पाहिलं.

"सुटला, काकू."

"मग राहू दे ती टेप," त्या म्हणाल्या. "गणपतीला अजून वेळ आहे."