पहिलं कलम कुणाचं?

कडा गावच्या वखारीत हंगामभर कापूस साठतो. पण निजामाच्या आणि इंग्रजांच्या हद्दीवर व्यापाराची बोलणी ठरली, आणि आमच्या बाजूचा अजेंडा करायला आम्ही आठ दिवस त्या वखारीत बसलो, तेव्हा कापसापेक्षा किस्सेच जास्त साठले!

मी कलकत्त्याहून शिकून नुकताच परतलो होतो. आपली मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, जगाच्या बाजारात उभी राहिली पाहिजे, एवढंच डोक्यात. म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

*

पहिल्याच मीटिंगला मी उभा राहिलो. "पहिला पॉइंट फ्री ट्रेड! मुलूख दोन, पण बाजार एक. मधे जकातीचा नाका हवाच कशाला?"

कापसाचे व्यापारी मोतीशेट पान लावत होते. "नाका उठला तर आमच्या नाकेदारसाहेबानं जायाचं कुठं?"

"दुसरी नोकरी करतील!"

"आरं बाबा, बोलणीला आपल्या बाजूनं त्योच बसनार हाय!"

माझा फ्री ट्रेड तिथंच वारला!

*

मग पहिल्या कलमावरून कापूस आणि गूळ यांची जुंपली. कारण सगळ्यांना ठाऊक होतं: साहेब लोक दुपारी जेवायला उठले की बोलणी संपतात. पहिल्या कलमापुढं गाडी कधी गेलेलीच नाही.

मोतीशेट म्हणाले, "गूळ काय, मुंग्यासुदिक हद्दीपार नेत्यात!"

गुळाचे गुलाबशेट उपरणं झटकून उठले. "मुंगीला नाक्यावर कुनी आडवत न्हाई. मला आडवत्यात!"

मी कलमांवर आकडे टाकायचो आणि माझी पाठ वळली की दोघांपैकी कुणीतरी पुसायचं. शेवटी आकडेच टाकायचे नाहीत असं ठरलं. एका पानावर एक कलम. आधी कापूस, मग गूळ.

*

तिसऱ्या दिवशी भिवाबा धनगर दारात येऊन उभा राहिला.

"मालक, माझं येक लिवा. औंदा हिकडं चारा न्हाई. कळप पल्याड न्यायाचा हाय. मागल्या साली नाक्यावर तीन दिस आडवला. कोकरं पान्यावाचून मेली. आता पुन्यांदा आडवला तर कळपच ऱ्हात न्हाई."

मोतीशेट खेकसले, "मेंढरू म्हंजे काय व्यापार हाय का बे?"

"मग शेटजी, नाक्यावर त्याला माल कावून म्हनत्यात?"

 मी भांडभांड भांडलो, तेव्हा कुठं त्याचं कलम आत गेलं. अगदी शेवटी!

भिवाबानं मला हळूच विचारलं, "शेवटलं म्हंजे सायबाच्या जेवनाआदी का मागनं?"



*

सगळी कलमं उर्दूत उतरवायला करीम मुन्शी आले. चाळीस वर्षं सरकारी दफ्तरात काढलेला, आपल्या वह्या आपणच शिवणारा माणूस. त्यांची जुनी वही मी सवयीनं डावीकडून उघडली.

"बाबू, उर्दू वही दुसऱ्या अंगानं उघडते. असं वाचाल तर शेवटापासनं सुरू कराल!"

मोतीशेट खो खो हसले. "कलकत्त्याला वही धरायला शिकवत न्हाईत जनू!"

मुन्शी मात्र हसले नाहीत. माझ्या हाताकडं बघत राहिले.

*

बोलणी व्हायचा दिवस. नाक्याजवळ तंबू. समोर इंग्रजी हद्दीचा अंमलदार, अलीकडं आमचे नाकेदारसाहेब. आणि बाहेर भिवाबाचा कळप, पहाटेपासून अडवलेला. पाण्याचा थेंब नाही. मेंढरांच्या ओरडण्यानं आमचे आवाज ऐकू येत नव्हते.

मोतीशेट घसा साफ करून तयार बसले.

नाकेदारसाहेबांनी मुन्शींनी कलमं उतरवलेली नवी वही घेतली, उर्दूच्या रिवाजानं उजवीकडून उघडली आणि वाचलं, "पहिलं कलम, मेंढरं."

मोतीशेट ताडकन उठले. "सायब, न्हाई! तुमी उलटं वाचताय!"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी? उर्दू? उलटं?"

मोतीशेट खाली बसले!

मेंढरांच्या कलमावरचा वाद दुपारपर्यंत चालला. शेवटी इंग्रजी अंमलदारानं दोन्ही कान दाबून धरले. "आधी ही ओरड बंद करा!" चरायला निघालेला कळप नाक्यावर अडवायचा नाही, असा ठराव झाला. दोघांच्या सह्या झाल्या आणि साहेब लोक जेवायला उठले.

बाहेर फाटक उघडलं. भिवाबा मागं वळूनही न बघता कळपामागं धावला.

मी मुन्शींना गाठलं. "मुन्शीजी, चाळीस वर्षं उर्दू वह्या शिवताय. हीच डाव्या अंगानं कशी शिवली?"

त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"कलकत्त्याची पद्धत, बाबू. तुम्हीच तर दाखवली!"