गवतातून पाहणारा

त्या सिनेमाची गोष्ट मी पार विसरलो, पण त्यातलं गवत डोक्यातून जात नाही. ब्रह्मपुरीहून निघालेल्या बसमध्ये मी तो मोबाइलवर पाहत होतो. शेजारी मोहफुलांची टोपली मांडीवर घेतलेला म्हातारा होता, तोही पाहू लागला. नायक-नायिका गात होती आणि गवताच्या पात्यांआडून दिसत होती.

"भाऊ, गवतातून कोण पाहून राह्यला?"

"कॅमेरा."

"नाई. इतक्या खालून वाघच पाह्यते."

वाघानं उठून जावं म्हणून तो मोबाइलजवळ तोंड नेऊन जोरात खाकरला. गाणं संपलं, दोघं सुखरूप घरी गेली, तरी त्याचा जीव थाऱ्यावर येईना.

"तो अजून तिथीच बसला असन."

जंगलातल्या फाट्यावर तो उतरला. मी खिडकीतून त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो. थोडं पुढे जाऊन तो थांबला, वळला आणि थेट माझ्याकडे बघत खाकरला.

मी मुकाट्यानं खिडकीपासून मागे सरलो.