दावं घरीच राहतं

काष्टीच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली होती. मी टपावर चढून सायकल बांधत होतो आणि खाली अण्णा, म्हणजे माझे वडील, शिडी धरून उभे होते. मला दापोली तालुक्यात, दाभोळच्या अलीकडच्या एका वाडीवर शिक्षकाची नोकरी लागली होती. पत्र्याची पेटी, आईनं दिलेला चटणीचा डबा आणि ती काळी सायकल, एवढाच माझा संसार. शेवटची गाठ मारली आणि अण्णा म्हणाले, "उतरव ती."

मला वाटलं गाठ चुकली. "सायकल उतरव खाली. ती न्हाई जायची," ते पुन्हा म्हणाले. का, म्हणून विचारलं तर शांतपणे म्हणाले, "जनावर गेलं तरी दावं घरी ऱ्हातं."

आमच्या काष्टीत शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. सौदा ठरला की विकणारा आपलं दावं, म्हणजे जनावर बांधायची दोरी, सोडून घेतो आणि घेणारा आपलं नवं दावं बांधून जनावर नेतो. जुनं दावं कोणी देत नाही. ते परत घरी येतं, गोठ्यात खुंटीला लागतं. जनावराबरोबर घरची बरकत जाऊ नये, म्हणून. हे लहानपणापासून बघत आलो होतो, पण भर स्टँडवर मलाच लागू होईल असं वाटलं नव्हतं. मी तापलो. "मी काय इकलेला बैल हाय का?" म्हणालो. कंडक्टर हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी सायकल खांद्यावर उतरवून घेतली आणि बस हलायच्या आत ते ती हातात धरून घराकडं चालायलाही लागले. दादा तेवढा हात हलवत उभा होता.

हा दादा, माझा थोरला भाऊ. या सगळ्या वर्षांत मी ज्याच्यावर सगळ्यात जास्त जळलो तो माणूस. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना हे कळेल, जे राहिलेत त्यांना राग येईल. येऊ दे. गाव सोडणारा शहाणा, पुढं गेला, सुटला, असं लोक म्हणतात. अरे, सुटला कसला! मी इथं खानावळीचा पातळ भात गिळत होतो तेव्हा दादाच्या ताटात आईची बाजरीची भाकरी पडत होती. आईला ताप आला की दादा तिला दवाखान्यात नेणार, आणि मला बातमी कधी? ती उठून चालायला लागल्यावर. संध्याकाळी फोन करावा तर उचलणार दादाच. "आई व्हय? ती जेवतीय. बरी हाय. तू बरा हायस ना?" माझ्या आईची खबर मला त्याच्याकडून मागून घ्यावी लागायची.

अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली. मी इथं रुजलो म्हणायचा. सुनंदाशी लग्न झालं, तीही शिक्षिका. मुलगी इथलीच बोली बोलते, आणि गावी गेलो की भावकी मला "आले का कोकणे" म्हणते. इथं मात्र मी अजून "घाटावरले गुरुजी". यंदा आम्ही चिऱ्याचं छोटं घर बांधलं. वास्तुशांतीला आई आली नाही, गुडघे धरलेत म्हणे. दादाही आला नाही, शेतातला ऊस तोडणीला आला होता म्हणे. मी महिनाभर फुगून बसलो.

आणि मग एका दुपारी दादा आला. सायकलवर! काष्टीहून दौंड, भोर, वरंधा घाट, महाड करत. हल्ली आमच्याकडच्या पन्नाशीच्या शेतकऱ्यांना सायकलीचं वेड लागलंय. रंगीत बनियनसारखे ते शर्ट, डोक्यावर हेल्मेट, मागून सामानाचा टेम्पो. चार मित्र गिअरच्या सायकलींवर, आणि मधे आमचा दादा, माझ्या काळ्या सायकलवर. नवे टायर, नवे ब्रेक, घंटी मात्र तीच. अंगणात उतरला, घाम पुसला आणि पहिलं वाक्य काय? "तू तर म्हनायचास लई लांब हाय. सायकलवर येन्याएवढं तर हाय!"

सगळे हसले. मला कानाखाली बसल्यासारखं झालं. ज्या अंतरावर मी इतकी वर्षं रडलो, ते या माणसानं गुळशेंगदाणे खात पार केलं होतं, आणि तेही माझ्या सायकलवर.

दुसऱ्या दिवशी मित्र समुद्रावर गेले आणि आम्ही दोघं दाभोळ बघायला निघालो. मी म्हणालो, "माझी सायकल मला दे, तू गिअरची घे." तर म्हणतो, "थांब की. येताना चालव." हँडल सोडीना. लहान पोरासारखा! वाटलं, आई घेतलीस, घर घेतलंस, आता ही पण घे बाबा. दाभोळचा तो उतार उतरताना तो पुढं घंटी वाजवत चालला होता आणि मी मागून परक्याच्या सायकलवर.

खाली वाशिष्ठीची खाडी पसरलेली. डावीकडं माडांच्या मागं मशिदीचा घुमट, समोर पलीकडं धोपाव्याला जाणारी फेरीबोट, उजवीकडं नदी समुद्रात जाते ते तोंड. मी त्याला सांगितलं की एके काळी अरबस्तानातली गलबतं इथं लागायची आणि घोडे उतरायचे. दादाचे डोळे चमकले. "मंजी बाजारच की! आपल्या काष्टीवानी. आन् ती घोडी वर कुठं जायची?" म्हटलं, घाट चढून देशावर. आपल्या नगरच्या निजामशाहीतही गेली असतील. तो धक्क्याच्या दगडावर बसला, पाण्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "त्यांची दावी कुनी ठिवली आसतील रं?"

जेट्टीवर एक म्हातारे चाचा जाळं विणत बसतात. इतक्या वर्षांत "काय गुरुजी?" याच्यापुढं ते माझ्याशी बोललेले नाहीत. दादानं जाळ्याची गाठ बघायला मागितली, स्वतःची बैल बांधायची गाठ त्यांना करून दाखवली, आणि घटकाभरात चाचांनी घरून चहा मागवला. "हे तुमचे भाऊ? सांगायचं नाय का!" असं वर मलाच ऐकवलं. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. घर मी बांधलं, घरपट्टी मी भरतो, आणि चहा याला!

मशिदीपाशी मी तिथली गोष्ट सांगितली. विजापूरची कुणी शहजादी हजला जायला म्हणून दाभोळला आली, समुद्रात धोका म्हणून अडकून पडली, आणि प्रवासाला आणलेला पैसा तिनं या मशिदीला लावला, असं सांगतात. दादा म्हणाला, "निघाली एकीकडं आन् घर झालं दुसरीकडं. तुझ्यावानी." चढ आला तशी सायकल हातात धरून चालायला लागला. येताना चालव म्हणाला होता, तेही विसरला.

निघायच्या दिवशी सकाळी परतीसाठी टेम्पोत मित्रांच्या चारही सायकली चढल्या. काळी सायकल माझ्या नव्या घराच्या भिंतीला टेकवलेलीच राहिली. मी म्हणालो, "ही राहिली की." दादा दोरी गुंडाळत होता, वर न बघता म्हणाला, "ती तुझी. आई म्हनली, त्याचं घर झालं, आता देऊन ये. म्हनून तर चालवत आनली."

सुनंदाला वाटलं मला आनंद झालाय. पण मला डोळ्यांसमोर दिसत होती आमच्या गोठ्यातली सायकलीची जागा, रिकामी. इतकी वर्षं मी या सायकलीवरून अण्णांना शिव्या दिल्या होत्या, आणि इतकी वर्षं ती घरी आहे याच जोरावर झोपत होतो, हे मला त्या क्षणी कळलं. दावं दिलं म्हणजे झालं. सौदा पुरा. मी गेलो.

"नको," मी म्हणालो. "परत घेऊन जा."

"आरं, येडा का खुळा तू? मग मी काय पाय मोडायला आलो व्हय हितवर?"

मी सायकल उचलली आणि टेम्पोत टाकायला लागलो. दादानं मागचं चाक धरलं. आम्ही दोघं टक्कल पडलेले भाऊ अंगणात सायकल ओढत होतो आणि त्याचे मित्र बघत होते. मग त्यानं एकदम हात सोडला.

"अण्णा व्हते तवर मला हात लावू दिला न्हाई तिला," तो म्हणाला. "दर शनिवारी बाजारातनं आले की तेल घालायचे. म्या एकदा बसलो तर म्हनले, उतर, त्याची हाय. माझं आसं काय ठिवलं रं त्यांनी? काय ठिवायचं? मी हुतोच की घरात."

याच्यावर मला वाईट वाटायला पाहिजे होतं. खरं सांगतो, आधी आनंद झाला. दादा माझ्यावर जळत होता! तोंडभर गूळ आल्यासारखं झालं मला. वाईट वाटलं ते नंतर, त्याचा चेहरा बघून. नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि तो दोरीची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होता.

सायकल मी टेम्पोत चढवली, कडेला घट्ट बांधली. दादा पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. त्याचं निळं हेल्मेट पायरीवर राहिलं होतं. मी ते उचललं, पण दिलं नाही. टेम्पो चालू झाला तसा तो खिडकीतून ओरडला, "आरं, माझं हेल्मेट!"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "दावं हाय."

तो वळणापर्यंत हात बाहेर काढून हलवत राहिला, स्टँडवर हलवत होता तसाच.

परवा फोन केला तर पहिल्यांदाच आईनं उचलला. म्हणाली, "दादा जेवतोय. तू बोल." सायकल गोठ्यात जागेवर आहे म्हणाली, आणि दादा आता कधीमधी तिच्यावर मळ्यात जातो. जाऊ दे, म्हटलं. पण तेल घाला.

हेल्मेट आमच्या पुढच्या खोलीत खुंटीला आहे. मुलीला ते फार आवडतं, रोज मागते. शनिवारी मी ते फडक्यानं पुसतो आणि पुन्हा खुंटीला लावतो. तिला हात लावू देत नाही. म्हणतो, "नको. काकाचं आहे ते."